घ्यायचं, पण मुळासकट नाही

मेलबर्नला मॅच बघायला आलेला प्रत्येक माणूस एमसीजीच्या बाहेर शेन वॉर्नच्या पुतळ्यापाशी फोटो काढतोच काढतो, मीही काढलाय, पण त्याच यारा पार्कमध्ये जरा पुढे चालत गेलं की जुन्या रेड गमचं, म्हणजे एका जातीच्या निलगिरीचं, एक खोड उभं आहे आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. खोडावर एक मोठी लांबट खूण आहे, मधलं लाकूड उघडं पडलेलं आणि कडेची साल जाड होऊन आत वळलेली. ही साल आपोआप गळलेली नाहीये, वुरुंजेरी म्हणजे मेलबर्नच्या जागेच्या मूळ लोकांनी ती काढलेली आहे. अशी साल सोलून होड्या करायचे, ढाली करायचे, सामान वाहायची पसरट भांडी करायचे. दगडी कुऱ्हाडीने आधी हव्या त्या आकाराची रेघ कापून घ्यायची, मग पाचरी घालत घालत अख्खा तुकडा न फाटता सुटा करायचा, आणि हे सगळं खोडाच्या एकाच बाजूने. झाडाने पानांत बनवलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं, त्यामुळे एका बाजूची साल काढली तरी बाकीच्या सालीतून काम चालू राहतं, जखम कडेने भरत येते आणि झाड पुढे पिढ्यानपिढ्या जगतं.

नंतर आलेल्या गोऱ्या मेंढपाळांनाही हे कळत होतं बरं का, पण त्यांनी ते उलटं वापरलं. खोडाभोवती गोल कडं करून साल काढायची, मुळं उपाशी मरतात, झाड उभ्या उभ्या वाळतं, की झालं मेंढ्यांना कुरण मोकळं. रिंगबार्किंग म्हणतात त्याला, आणि ऑस्ट्रेलियात प्रचंड जंगलं अशी मारली गेलीत.

हे एवढ्यासाठी सांगतेय की ॲबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांच्या जमीन राखण्याबद्दल बोलताना आपण पटकन ‘निसर्गाशी एकरूप’ वगैरे बोलायला लागतो आणि मग त्यात काही सांगण्यासारखं उरतच नाही. मला त्यातला हिशोब इंटरेस्टिंग वाटतो. कोण घेणार, किती घेणार, कधी घेणार, काय मागे ठेवणार. जमिनीला हातच लावायचा नाही असं त्यांचं कधीच म्हणणं नव्हतं, उलट हात लावला नाही तर जमीन बिघडते असंच बहुतेक ठिकाणचे जाणते लोक सांगतात, आणि आता तर शास्त्रज्ञांच्या आकड्यांतूनही तेच निघायला लागलंय. एक मात्र आधीच सांगून टाकते, या खंडावर अडीचशेच्या वर भाषा होत्या, वाळवंट वेगळं, बर्फाचे डोंगर वेगळे, उत्तरेकडच्या पाणथळी वेगळ्या, त्यामुळे ‘ॲबोरिजिनल लोक असं करतात’ असं सरसकट म्हणणं चूक आहे, मी खाली जे लिहिलंय ते त्या त्या ठिकाणचं आहे.

माझ्या बाल्कनीत एका कुंडीत मर्नॉंग आहे. यॅम डेझी पण म्हणतात. इथल्या लोकल झाडांच्या नर्सरीत रोप मिळतं. फूल पिवळं, लांबून बघितलं तर कोणीही डँडेलियन समजून उपटून टाकेल, पण कळी ओळखता येते, ती उमलायच्या आधी मान खाली घालून असते आणि उमलताना देठ सरळ होतो. खाली छोटे छोटे पांढरट कंद. कच्चा खाल्ला तर जरासा गोड, थोडी खोबऱ्यासारखी चव, भाजला की अजून बरा लागतो. उन्हाळ्यात वरचं सगळं सुकून जातं, आपल्याला वाटतं मेलं, आणि मग थंडीच्या तोंडावर परत कोंब.

मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातल्या मूळ लोकांचं हे रोजचं खाणं होतं. बायका टोकदार काठी घेऊन माळावर जायच्या आणि कंद खणायच्या. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन नावाचा सरकारी अधिकारी १८४१ मध्ये पश्चिम व्हिक्टोरियातून फिरत होता, त्याने लिहून ठेवलंय की नजर पोचेल तिथपर्यंत माळावर बायका पसरल्या होत्या, मर्नॉंग गोळा करत होत्या, आणि परत येताना प्रत्येकीकडे उचलवेल तेवढं ओझं होतं. आता एवढ्या बायका हजारो वर्षं खणतायत तर ते झाड संपायला पाहिजे ना? उलट माळ भरलेले होते. कारण खणण्यानेच माती भुसभुशीत राहायची, पाणी मुरायचं, दाटी झालेल्या झुबक्यातले काही कंद निघाले की उरलेल्यांना पसरायला जागा व्हायची, आणि मधूनमधून गवत जाळल्यामुळे या बुटक्या झाडांना ऊन मिळायचं. मोनॅश युनिव्हर्सिटीत बेथ गॉट नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या खाण्यातल्या वनस्पतींवर आयुष्यभर काम केलं आणि हे खणणं म्हणजे एक प्रकारची बागकामाचीच पद्धत आहे हे नीट मांडलं. मोनॅशच्या क्लेटन कॅम्पसमध्ये त्यांनी उभी केलेली ॲबोरिजिनल बाग आहे, कधी तिकडे गेलात तर बघा.

मग मेंढ्या आल्या. एडवर्ड कर नावाचा एक जमीनदार होता, त्याच्या हजारो मेंढ्या कोल्बिनाबिनला होत्या, त्याने स्वतःच लिहिलंय की आधी हे कंद इतके होते की टोकदार काठीने तासाभरात एका कुटुंबाला दिवसभर पुरतील एवढे निघायचे, आणि त्याच्या मेंढ्या नाकाने माती उकरून कंद खायला शिकल्या, पहिलं वर्षभर तर मुख्यतः त्याच्यावरच जगल्या, आणि नंतर कंद कमी कमी होत गेले. बास. एका वर्षाची गोष्ट. खुरांनी माती दाबली गेली ती वेगळीच. ज्या बायका ती माती भुसभुशीत ठेवायच्या त्यांनाच माळावरून हाकलून दिलं. मला हे वाचताना मेंढ्यांचा राग येत नाही, पण करने हे जितक्या सहज लिहिलंय ना, त्याचा येतो.

उत्तरेला आर्न्हेम लँडमध्ये रताळ्यासारखे वेलीचे कंद असतात, तिथल्या बायका खणून खालचा कंद काढतात पण वेलीला चिकटलेला वरचा तुकडा तसाच खड्ड्यात ठेवून माती लोटतात. पुढच्या सीझनला त्याच वेलीला परत कंद.

आता घोरपडीची गोष्ट सांगते, ही मला सगळ्यात जास्त आवडते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मार्टू लोक राहतात. तिकडे स्पिनिफेक्स नावाचं गवत आहे, काटेरी गोल गोल ढिगारे, त्यात चालायचं म्हणजे पाय सोलवटून घ्यायचे. थंडीत तिथल्या घोरपडी बिळात झोपलेल्या असतात आणि गवताखाली बिळं दिसत नाहीत, म्हणून मार्टू बायका एक छोटासा पट्टा पेटवतात, राख झाली की बिळाचं तोंड उघडं पडतं, मग काठीने टोचत टोचत आत पोकळी कुठे आहे ते शोधायचं आणि खणायचं. एवढंच. शिकारीसाठी केलेलं काम आहे, पर्यावरण वगैरे कोणाच्या डोक्यात नसतं त्या क्षणी, संध्याकाळी खायचं काय हा प्रश्न असतो. पण वर्षानुवर्षं असं केलं की सगळा माळ गोधडीसारखा होतो, एक तुकडा नुकताच जळलेला, शेजारचा दोन वर्षं जुना, त्यात कोवळी रोपं, फळं, बिया, त्याच्या पलीकडे जुनं दाट गवत ज्यात लहान प्राण्यांना लपायला जागा. आणि वीज पडून आग लागली तरी ती जळक्या पट्ट्यापाशी येऊन थांबते, फार लांब जाऊ शकत नाही.

रेबेका ब्लिज बर्ड आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी मार्टू लोकांबरोबर राहून वर्षानुवर्षं याची मोजणी केली, आणि २०१३ मध्ये छापलेल्या पेपरात निष्कर्ष असा की जिथे शिकार जास्त तिथे घोरपडी जास्त. परत वाचा. जास्त मारतात तिथे जास्त आहेत! मार्टू लोकांना यात नवल काहीच नव्हतं, ते आधीपासून म्हणत होते की आम्ही तिथे नसलो तर जनावरंही राहणार नाहीत. आपल्याला ते श्रद्धेचं वाक्य वाटतं. पण तपासायची संधी दुर्दैवाने इतिहासानेच दिली. ब्लू स्ट्रीक नावाच्या रॉकेटच्या चाचण्या चालू होत्या, रॉकेट वाळवंटावरून जाणार म्हणून १९६४ मध्ये शेवटच्या काही मार्टू लोकांनाही तिथून बाहेर काढलं, बाकीचे त्याच्या आधीच ख्रिस्ती मिशनच्या वस्त्यांवर आणि गुरांच्या फार्मवर गेले होते. म्हणजे वाळवंट पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने रिकामं झालं. पुढच्या वीसेक वर्षांत काय झालं तर विजेने लागलेल्या आगी अवाढव्य पसरायला लागल्या आणि लहान सस्तन प्राण्यांच्या कितीतरी जाती त्या भागातून नाहीशा झाल्या. मांजरं आणि कोल्ह्यांचा हातही त्यात आहेच, सगळं खापर आगीवर फोडता येणार नाही. १९८०च्या दशकात मार्टू लोक परत आले, पारन्गर, पुन्मू अशा वस्त्या उभ्या केल्या, आणि २००२ मध्ये कोर्टाने त्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला.

आगीबद्दल अजून लिहायलाच पाहिजे कारण २०१९-२० च्या उन्हाळ्यानंतर इथे सगळ्यांच्याच तोंडी ‘कल्चरल बर्निंग’, म्हणजे ॲबोरिजिनल पद्धतीने जमीन जाळणं, आलं. त्या उन्हाळ्यात देशभरात २.४ कोटी हेक्टरच्या वर जमीन जळली, आगीत ३३ माणसं गेली, शहरावर धूर इतका की खिडकीच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो. नंतर जो रॉयल कमिशन म्हणजे सरकारी चौकशी आयोग बसला त्याने ॲबोरिजिनल लोकांच्या आगीच्या ज्ञानावर एक वेगळं प्रकरणच लिहिलं. चांगलंय. पण बरेच लोक यातून एवढाच अर्थ काढतात की आधीच थोडं थोडं जाळून टाकायचं, की मोठी आग लागत नाही. सरकारी खातं पण जाळतंच की, हेलिकॉप्टरने लांबच लांब रेघ पेटवतात, हेक्टरचं टार्गेट असतं, ते पूर्ण केलं की झालं.

थंड आग म्हणतात ती वेगळी असते. व्हिक्टर स्टेफनसन हे नाव यात बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, ते ईशान्येच्या टोकाला केप यॉर्कमधल्या लॉरा गावी दोन म्हाताऱ्या जाणत्यांच्या हाताखाली शिकले आणि आता देशभर वर्कशॉप घेत फिरतात. आग एका ठिकाणी लावायची, ती गोल गोल सगळीकडे सावकाश पसरते, त्यामुळे किड्यामुंग्यांना, सरड्यांना बाहेर पडायला वाट मिळते, कोळी वगैरे खोडावर चढून बसतात. ज्वाळा गुडघ्याएवढ्या. वरची पानं करपली तर आग चुकली असं समजायचं, कारण सावली, फुलं, फळं सगळं वर आहे. गवत पूर्ण वाळलेलं नसतं, अर्धं हिरवं असतं, त्यामुळे धूर पांढरा निघतो आणि जमीन काळी ठिक्कर पडत नाही. संध्याकाळी दव पडलं की आग आपोआप विझते. आणि कुठलं जंगल कधी, याचा क्रम ठरलेला असतो, एका जातीच्या झाडांखालचं गवत आधी तयार होतं, दुसऱ्या जातीचं नंतर, आणि काही ठिकाणी तर आग अजिबात न्यायची नसते, उदाहरणार्थ रेनफॉरेस्ट. म्हणजे कॅलेंडर बघून तारीख ठरवणं यात बसतच नाही.

कॅलेंडरवरून आठवलं. उत्तरेला काकडू नॅशनल पार्कमध्ये बिनिंज लोकांचे सहा ऋतू आहेत, त्यातला येग्गे नावाचा ऋतू साधारण मे-जूनचा. वारा कोरडा व्हायला लागतो, डार्विन वुलीबट नावाच्या झाडाला फुलं येतात, की समजायचं जाळायला सुरुवात करायची वेळ झाली. पर्थकडच्या नूंगार लोकांचेही सहाच आहेत पण ते वेगळे. आणि आम्ही इथे युरोपातून आयात केलेले चार ऋतू घेऊन बसलोय, सप्टेंबरच्या १ तारखेला वसंत सुरू, झाडं फुलोत न फुलोत!

पश्चिम आर्न्हेम लँडच्या पठारावर जे झालं ते तर या सगळ्यात पैशाचं गणित आणणारं. विसाव्या शतकात लोक पठार सोडून मिशन, खाणी, शहरं इकडे गेले, पठार रिकामं पडलं आणि कोरड्या हंगामाच्या शेवटी शेवटी राक्षसी आगी लागायला लागल्या. काही जाणते लोक म्हातारपणी परत गेले आणि तरुणांना, शास्त्रज्ञांना दाखवलं की हंगामाच्या सुरुवातीलाच कसं जाळायचं. मग २००६ मध्ये एक करार झाला, डार्विनच्या गॅस प्लांटने स्वतःच्या प्रदूषणाच्या बदल्यात या लोकांतूनच जमीन राखायला नेमलेल्या रेंजरना वर्षाला साधारण १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे आणि त्यांनी २८,००० चौरस किलोमीटरवर आगीची व्यवस्था बघायची. लॉजिक असं की गवत जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या वर्षी गवत परत शोषून घेतं म्हणून तो मोजतच नाहीत, पण मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड परत येत नाहीत, आणि लवकर लावलेल्या थंड आगीत एकूण जळतंच कमी त्यामुळे हे दोन्ही वायू कमी निघतात. त्या फरकाचे पैसे. त्या पैशातून रेंजरना पगार मिळतो आणि माणसं स्वतःच्या जमिनीवर राहू शकतात. तिथे आनबिनिक नावाच्या जुन्या झाडांची राई आहे, मोठ्या आगींनी त्यांची कड दरवर्षी खाल्ली जायची, आता रेंजर त्यांच्याभोवती आधीच पट्टे जाळून ठेवतात. पायी फिरून जाळतात तसं हेलिकॉप्टरमधूनही जाळतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, पाचशे माणसं चालत होती तिथे आज पन्नासच असतील तर काय करणार. (हे दोन आकडे उगाच बोलायचे म्हणून, मोजलेले नाहीत.) मात्र गॅस कंपनीला यातून चांगुलपणाचं सर्टिफिकेट मिळतं ते थोडं खुपतं, नाही म्हटलं तरी.

बज बिमला मी जाऊन आलेय. मेलबर्नच्या पश्चिमेला गाडीने चारेक तास, हेवूडजवळ. गुंडिजमारा लोकांची जमीन. बज बिम हा ज्वालामुखी, साधारण ३७,००० वर्षांपूर्वी त्याचा लाव्हा वाहत समुद्राकडे गेला आणि त्या खडबडीत काळ्या दगडात पाणथळ जागा तयार झाल्या. गुंडिजमारा लोकांनी काय केलं तर तोच दगड फोडून, रचून, पाण्याला वाटा काढल्या. कालवे, बांध, तळी. कशासाठी तर ईल पकडायला आणि ठेवायला, आपल्या वाम माशासारखा लांबडा, त्यांच्या भाषेत कूयांग. किमान ६,६०० वर्षं जुनं काम आहे हे. जुलै २०१९ मध्ये वर्ल्ड हेरिटेजमध्ये गेलं, आणि फक्त ॲबोरिजिनल संस्कृतीच्या महत्त्वासाठी यादीत गेलेली ही ऑस्ट्रेलियातली पहिली जागा.

प्रत्यक्ष बघितलं तर आधी काहीच कळत नाही. दगडांचे ढीग. रेंजरने हाताने दाखवलं तेव्हा कळलं की ही रांग उताराला तिरकी आहे, इथे फट आहे, फटीत गवताची विणलेली लांब निमुळती टोपली बसायची, पाणी वाढलं की ईल त्यात शिरणार आणि निमुळत्या टोकाशी माणूस उभा. लहान ईल टोपलीतून पलीकडे निसटते, जाऊ द्यायची, मोठी तेवढी हाताला लागते. काही ईल तळ्यात सोडायच्या, लागेल तेव्हा काढायच्या, जास्तीच्या असतील तर पोकळ झाडाच्या ढोलीत धुरावर सुकवून ठेवायच्या, दुसऱ्या टोळ्यांशी देवाणघेवाण करायला.

आणि ईलचं आयुष्य बघा, ती जन्मते थेट कोरल समुद्रात, क्वीन्सलँडच्या पलीकडे, प्रवाहाबरोबर वाहत दक्षिणेला येते, काचेसारखी पारदर्शक असताना नदीत शिरते, मग कितीतरी वर्षं गोड्या पाण्यात वाढते आणि शेवटी एकदाच समुद्राकडे परत जाते, अंडी घालते, मरते. म्हणजे तळ्यात डांबून पैदास करता येणाऱ्यातला हा प्राणीच नाही. वाट अडवायची पण बंद करायची नाही, थोड्या ईल दरवर्षी समुद्राकडे गेल्याच पाहिजेत, नाहीतर खेळ खलास. हे सांभाळून केलेलं इंजिनिअरिंग आहे ते. नंतर शेतीसाठी तिथल्याच टे राक म्हणजे लेक कोंडा या तलावाचं पाणी चर खणून काढून टाकलं गेलं, तलाव वर्षानुवर्षं कोरडा होता, २०१० मध्ये बांध घालून पाणी परत आणलं. त्यात २०२० च्या सुरुवातीला आगीने गवत जळलं तेव्हा आधी कोणाच्या लक्षात न आलेले कालवे उघडे पडले. टे राकला आता कॅफे आहे, ईल खायला मिळते, धुराची चव सुंदर असते, पण टूर आधी बुक करून जा.

या सगळ्यात अजून एक गोष्ट असते जी बाहेरच्या माणसाला दिसत नाही, ती म्हणजे मालकी. ‘सगळं सगळ्यांचं’ हा आपला एक गोड गैरसमज. क्वीन्सलँडच्या बुन्या डोंगरात बुन्या पाइन नावाची झाडं आहेत, त्यांचं एकेक फळ १० किलोपर्यंत जातं, आत शेंगदाण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या बिया, आणि साधारण तीन वर्षांतून एकदा जबरदस्त बहर येतो. तेव्हा लांबलांबून लोक बोलावणं पाठवून जमायचे, लग्नं ठरायची, भांडणं मिटायची, महिना महिना मुक्काम. पण झाडं कुटुंबांच्या नावावर होती, बापाकडून मुलाकडे जायची, पाहुण्यांनी वाटेल त्या झाडावर चढायचं नाही. १८४२ मध्ये गव्हर्नर गिप्सने चक्क हुकूम काढला होता की बुन्याच्या प्रदेशात कोणी वस्ती करायची नाही, झाडं तोडायची नाहीत. क्वीन्सलँड न्यू साउथ वेल्सपासून वेगळं झालं आणि १८६० मध्ये तो हुकूम रद्द, पाठोपाठ करवती आल्या.

न्यू साउथ वेल्समध्ये ब्रूवॅरिनाला बारवन नदीत न्गेम्बा लोकांनी राखलेले दगडी मासेसापळे आहेत, जवळपास अर्धा किलोमीटर लांब, बायामे या पूर्वजाने आपल्या दोन मुलांबरोबर बांधले असं मानतात. त्यातले कप्पे वेगवेगळ्या कुटुंबांकडे होते, आणि अंडी घालायला वर चाललेल्या माशांना वाट सोडायची, कारण नदीच्या वरच्या अंगाला पण माणसं बसलेली आहेत. तुम्ही सगळे मासे खाल्ले तर वरचे उद्या भांडायला येणार. मला हे कारण ‘निसर्गप्रेम’ पेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं. १९६०च्या दशकात तिथेच सिमेंटचा बांध बांधला आणि सापळ्यांचं नुकसान झालं.

टोटेमचंही थोडं असंच. बऱ्याच ठिकाणी माणसाला जन्माने एखादा प्राणी किंवा वनस्पती नात्यात मिळते, आणि अनेकदा तो प्राणी त्याने खायचा नाही, उलट त्याच्याबद्दल बोलायचा, त्याला सांभाळायचा अधिकार त्याचा. गावात दहा जणांचे दहा टोटेम असतील तर प्रत्येक प्राण्याची बाजू घेणारा कोणीतरी घरातच बसलेला असतो. बाकी यात खोल धार्मिक अर्थ आहेत, त्यात मी बाहेरच्या माणसाने न शिरलेलंच बरं.

मधल्या काही वर्षांत इथे मोठी खडाजंगी झाली की हे लोक शेतकरी होते का फिरते शिकारी. पेपरात लेख, टीव्हीवर चर्चा, राजकारणी पण घुसले. मला खरंच कळत नाही की शेतकरी ठरवल्याने त्यांचा मान वाढतो असं का वाटावं. १९६९ मध्ये रीस जोन्स या पुरातत्त्वज्ञाने ‘फायर-स्टिक फार्मिंग’ असा शब्दप्रयोग केला तेव्हापासून हे चालूच आहे. नांगर नसला, कुंपण नसलं तरी माळावर कुठे काय उगवणार हे माणसं ठरवत होती, त्याला नाव काहीही द्या. पण त्याच वेळी ते कधी चुकलेच नसतील असंही मी मानत नाही, ६५,००० वर्षांच्या आसपासचा काळ आहे, त्यात उपाशी दिवस आले असतील, एखाद्या जागेवर जास्त घेतलं गेलं असेल, त्यातूनच नियम बनले असतील ना, नियम काही आभाळातून पडत नाहीत.

आता राहिलं कायद्याचं. १९९२ मध्ये माबो केसचा निकाल लागला, त्यात मूळ लोकांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क कोर्टाने मान्य केला, १९९३ मध्ये त्याच हक्काचा नेटिव्ह टायटल ॲक्ट आला, त्यात एक कलम आहे की पारंपरिक हक्क असलेल्या माणसाला स्वतःच्या घरच्या गरजेसाठी शिकार, मासेमारी, गोळा करणं यासाठी लायसन्स लागत नाही. त्याच्यावर गाजलेली केस म्हणजे मरांडू यानर यांची. १९९४ मध्ये कार्पेन्टारियाच्या आखाताजवळ त्यांनी दोन लहान मगरी हार्पूनने, म्हणजे दोरी बांधलेल्या भाल्याने, मारल्या, हार्पून पारंपरिक पद्धतीचा, पण होडीला मोटर! सरकारचं म्हणणं परवाना नव्हता. १९९९ मध्ये हायकोर्टाने, जे इथलं सर्वोच्च कोर्ट आहे, त्यांच्या बाजूने निकाल दिला. मोटर असल्याने परंपरा बाद होत नाही हे मला पटतं, नाहीतर आपण लोकांना परंपरेच्या नावाखाली म्युझियममध्ये ठेवायला बसलोच आहोत.

दुसरीकडे १९९८ पासून इंडिजिनस प्रोटेक्टेड एरिया, म्हणजे मूळ लोकच राखतात असे संरक्षित भाग, सुरू झाले, पहिला दक्षिण ऑस्ट्रेलियातला नान्तावरिना, आणि आज देशाच्या संरक्षित जमिनीपैकी निम्म्याहून जास्त अशा भागांत येते. तिथे रेंजर आहेत, जीपीएस आहे, रानमांजरांचा बंदोबस्त आहे, आणि शिकारही आहे. लोक तिथे राहतात आणि खातात म्हणूनच ती संरक्षित आहे.

हे सगळं बघितलं की वाटतं चला, देशाला अक्कल आली. आणि मग न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्याची बातमी वाचायची. तिथले ॲबोरिजिनल लोक पिढ्यानपिढ्या डुबकी मारून ॲबलोनी, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या मोठ्या समुद्री गोगलगायी, काढतात, म्हाताऱ्यांना नेऊन देतात, लग्नामयताला लागतात. १९६०च्या दशकात त्याचा मोठा धंदा झाला, लायसन्सं आली, मग कोटा आला, आणि हे लोक बाहेर पडले. २००९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मासेमारीच्या कायद्यात पारंपरिक मासेमारीला सूट देणारं कलम मंजूर केलं. मंजूर केलं, पण लागू करायची तारीखच काढली नाही, वर्षानुवर्षं नाही, आणि त्या काळात त्याच लोकांवर केसेस होत राहिल्या, दंड झाले, काही जण तुरुंगात गेले. ॲबलोनी कमी होतायत हे कारण दिलं जातं, आणि त्या कमी होतायत हे खरंय, पण व्यापारी कोटा चालू ठेवून आजीसाठी चार ॲबलोनी काढणाऱ्या माणसाला कोर्टात उभं करायचं यात संवर्धन कुठे आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा, कमेंटमध्ये सांगितलं तरी चालेल.